साय, दही, ताक, चुना

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शेजाऱ्याच्या दारातला मोगरा माझ्या दारातल्यापेक्षा जास्त फुलला तरी माझा दिवस खराब जातो. पण हे किरकोळ जळणं झालं. जन्मभर पुरेल असं, तब्येतीत जळणं मी फक्त एका माणसावर जळलो. ते आमचे घरमालक होते, आर्वीतले दातांचे डॉक्टर. खाली त्यांचा दवाखाना आणि राहायची एक खोली, वर दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. रंग हा माझा विषय, नजर हा माझा धंदा. आणि पांढऱ्या रंगाची खरी नजर देवाने दिली ती दात उपटणाऱ्या माणसाला. यावर माणसाने जळू नये तर काय करावं?

डॉक्टरांना जुन्या पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांचा नाद होता. फुलं-वेली काढलेल्या भांड्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. "अंगात खोट असली का नक्षी लागते, मास्तर," म्हणायचे. त्यांना निव्वळ पांढरं हवं. कप, बशी, किटली, तस्त, साबणदाणी, काहीही चालेल, पण पांढरं आणि जुनं. आर्वीसारख्या गावात असला माल कुठून येणार, असं कोणालाही वाटेल. पण आमचा जिल्हा कापसाचा. आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या सरकी काढायच्या जिनांवर एके काळी गोरे साहेब होते, त्यांचे बंगले होते, खानसामे होते. साहेब गेले आणि त्यांच्या मागे भांडीकुंडी लिलावात निघाली. ती जिल्हाभर पांगली. कोणाच्या घरी त्यात मीठ राहू लागलं, कोणाकडे चिंच, कोणाकडे कोंबड्यांचं पाणी. ती हुडकून काढणं हे डॉक्टरांनी आपलं जन्माचं काम मानलं होतं. दात हा निव्वळ पोटापाण्याचा उद्योग.

सत्तरच्या दशकात घराघरांत स्टीलचं वेड शिरलं होतं, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. रविवारी खांद्यावरच्या पिशवीत नवेकोरे स्टीलचे डबे आणि गिलास घालून ते गावोगाव निघायचे. म्हातारीचा हलता दात फुकट काढून द्यायचे आणि मग सहज विचारायचे, "माय, कोठी जुनं पांढरं भांडं पडलं हाये काय? स्टीलचा डबा देतो बदल्यात." बायांना वाटे, डॉक्टरला आपण चांगलंच गंडवलं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात विचारणारं कोणी नव्हतं. आमची ही मात्र म्हणायची, "त्याईले काऊन हसता? तुमाले तं घरातलं मीठ सापडत नाई." हिचं माहेर रोहण्याचं, म्हणजे आर्वी तालुक्यातलंच. ती बोलायला लागली की मी सहसा गप्प बसतो.

इतका पांढऱ्याचा वेडा माणूस, पण अंगावर कधी पांढरं घालायचा नाही. दवाखान्यातला कोटसुद्धा मेंदीच्या रंगाचा. पांढऱ्यावर पांढऱ्याची छाया पडली की नजर चुकते म्हणे. दवाखान्याची एक भिंत त्यांनी शाळेच्या फळ्यासारखी काळी करून घेतली होती, भांडं तिच्यासमोर धरून पाहायला. ती भिंत रंगवली मी. दोन हात दिले, मधे सुकू दिली, आणि बदल्यात काय मिळालं? "भिंत चांगली झाली, मास्तर. आता तुमी आनलेली किटली धरून पाहू." पाहिली, आणि म्हणाले, "चुना."

हा 'चुना' काय ते सांगायला हवं. पुस्तकांतली इंग्रजी नावं डॉक्टरांना पाठ होती, पण वापरायचे नाहीत. त्यांनी पांढऱ्याच्या चार जाती केल्या होत्या. ताक म्हणजे पातळ, किंचित निळसर, उजेडासमोर धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसेल असं. दही म्हणजे जाड, वजनदार, आगबोटीवर नि बराकीत आपटलं तरी फुटू नये म्हणून घडवलेलं. साय म्हणजे सर्वांत जुनं आणि सर्वांत दुर्मीळ. हलकं, मऊ पिवळसर झाक असलेलं, कडेला नजर ठरू नये इतकं नाजूक. आणि चुना म्हणजे अलीकडच्या कारखान्यातलं, बाजारात डझनाने मिळणारं, भक्क पांढरं. "चुना डोयात घुसते, साय डोयात उतरते," असं ते म्हणत. शिवाय चुना लावणे म्हणजे काय हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्यांनी 'चुना' म्हटलं की भांड्याबरोबर ते आणणाराही वेडा ठरायचा.

परीक्षेचा क्रम ठरलेला. "पयले डोया, मंग कान, मंग जीभ." आधी भांडं काळ्या भिंतीसमोर आणि मग खिडकीच्या उजेडात धरायचं. मग पेशंटच्या तोंडात घालायच्या छोट्या आरशाची दांडी कडेवर हळूच वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. शेवटी भांडं उपडं करून बुडाला, जिथे झिलई उडालेली असते तिथे, जिभेचं टोक लावायचं. जुनी, मंद भाजलेली माती जिभेला धरते, कारखान्यातली कडक माती सोडून देते. कोंबड्यांचं पाणी ठेवलेल्या वाडग्यालाही त्यांनी जीभ लावलेली मी पाहिली आहे. हा क्रम कधी मोडला नाही. पेशंट तोंड वासून खुर्चीत बसलेला असला आणि कोणी भांडं घेऊन आलं, तरी डोळा, कान, जीभ. मग तोच आरसा पुन्हा पाण्यात बुचकळून पेशंटच्या तोंडात.

हिची एकदा दाढ दुखली तेव्हा त्यांनी हिचे दात तपासले आणि आरसा बाजूला ठेवून म्हणाले, "बाईचे समोरचे दात साय हायेत, मास्तर. जपा." ही लाजली. महिनाभर आरशात बघून हसत होती. मी विचारलं, "आणि माझे?" त्यांनी मला खुर्चीत बसवलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "चहा कमी करा."

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. या माणसाच्या तोंडून माझ्या एका तरी भांड्याला 'साय' म्हणवून घ्यायचं, एवढं एकच मला हवं होतं. लोकांना बढती हवी असते, घर हवं असतं. मला दोन अक्षरं हवी होती. आष्टीच्या बाजाराला सायकलवर जाऊन मी भंगाराचे ढीग उपसले. हिच्या मावशीच्या माळ्यावरून दुधाचं भांडं आणलं, तर ते चुना. नाचणगावच्या एका किराणावाल्याची बरणी आणली, तीही चुना. एकदा एक सुरईवजा जग आणला. डॉक्टरांनी काळ्या भिंतीसमोर धरला, मान तिरकी करून पुन्हा धरला. "दही वाटते बा," म्हणाले. साय नाही तर नाही, दही तर दही! मी हिला हाक मारली, शिरा कर म्हणालो. शिरा होईपर्यंत डॉक्टरांनी तो जग सोड्याच्या पाण्यात धुतला. "मास्तर, हा तं मळ होता. चुनाच हाये." शिरा मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

नाचणगावची कढी तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका मोठ्या शेतकऱ्याकडे लग्नाची पंगत होती, आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. वाढपी कढी घेऊन आला ते भांडं पांढरं शुभ्र, गोल पोटाचं, एका कानाचं. डॉक्टरांचा घास हातात राहिला. त्यांनी कढी मागितली, पुन्हा मागितली, पुन्हा मागितली. मला वाटलं, कढी आवडली असेल. मीही घेतली. जेवणं झाल्यावर त्यांनी ते रिकामं भांडं वाढप्याच्या हातून घेतलं, उपडं केलं, डोळा, कान, जीभ. परतीच्या वाटेवर शांतपणे म्हणाले, "पक्कं दही. साहेब लोक रातच्याले खाटेखाली ठेवत, लघवीसाठी." मी सायकल थांबवली. "तुम्हाला आधीच कळलं होतं?" "हो न. पन ते रिकामं झाल्याशिवाय बूड कसं पाहू?" त्या घरच्यांना त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. स्टीलचं मोठं पातेलं देऊन भांडं उचललं. त्या घरात आजही सांगतात, आर्वीचा डॉक्टर आमच्या कढीच्या भांड्यावर भाळला होता.

असा हा माणूस. पण भांड्याच्या बाबतीत खोटं बोलायचा नाही, कोणाशीच नाही. एक निवृत्त नर्सबाई होत्या. एकट्या, कमरेत वाकलेल्या. त्यांच्या आईला कुठल्याशा मेमसाहेबाने म्हणे एक दुधाचं भांडं दिलं होतं, आणि तेवढंच आईचं म्हणून त्यांच्याजवळ उरलं होतं. लुगड्यात गुंडाळून त्या घेऊन आल्या. डॉक्टरांनी तिन्ही परीक्षा केल्या आणि म्हणाले, "बाई, हे चुना हाये. मेमसायबाचं नाई. इकडचंच." बाईंनी भांडं पुन्हा गुंडाळलं आणि त्याच लुगड्याच्या टोकाला डोळे पुसले. त्या गेल्यावर मी भडकलो. म्हणालो, "साय म्हटलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? म्हातारी सुखाने मेली असती." डॉक्टर आरसा पुसत होते. म्हणाले, "आज एक खोटी साय बोललो, तं उद्या माही खरी कोन मानंल?" आणि मनातल्या मनात मला बरंही वाटलं. जो माणूस रडणाऱ्या म्हातारीला खोटी साय देत नाही, त्याने मला कधी दिलीच, तर ती शंभर नंबरी असणार होती.

त्यांचा एक सिद्धान्त होता. जुना कप पाहायचा असेल तर स्वयंपाकघरात जायचंच नाही. "घरातले कप लेकरं फोडतात, सुना फोडतात. बाहेरच्या कोनाड्यात पाहा. तथी एक कप उपडा असते. तो कोनीच फोडत नाई." कोनाड्यातला कप म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावं लागत नसे. शेतावर राबणारा सालदार गावाबाहेरच्या वस्तीतला असला, की त्याच्या जातीच्या माणसाला घरातल्या कपात चहा मिळत नसे. त्याचा कप वेगळा, छपरीतल्या कोनाड्यात. त्यात वरून चहा ओतायचा, त्याने प्यायचा, त्यानेच धुवायचा, त्यानेच पालथा घालायचा. कायदा होऊन वर्षं लोटली होती. कोनाड्यांपर्यंत तो पोचला नव्हता.

माझ्या सासऱ्यांच्या घरी असा कप आहे, हे मला माहीत होतं की नव्हतं? मी त्या घरचा जावई. त्या छपरीत कित्येकदा बसलो. पण त्या कोनाड्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. नजर हा माझा धंदा, असं वर म्हटलंय, ते जरा सांभाळून घ्या.

सासऱ्यांना कवळी बसवायची होती. मापं आर्वीत घेऊन झाली होती, पण पुढे त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीच येतो रोहण्याला. आम्ही तिघे, डॉक्टर, ही आणि मी, पुलगावच्या छोट्या रेल्वेगाडीने गेलो. त्या गाडीतून उतरून, वाटेतली बोरं खाऊन, पुन्हा तीच गाडी पकडता येते असं लोक म्हणत, आणि त्यात फार खोटं नव्हतं. छपरीत बाजेवर सासरे बसले होते. डॉक्टरांनी कवळी बसवली, कानशीने दोन ठिकाणी घासली, पुन्हा बसवली. सासऱ्यांनी शेंगदाणे चावून पाहिले. कडाकडा आवाज आला तसा त्यांचा चेहरा फुलला. "वा डॉक्टर! मांगा, काय मांगता ते मांगा! या घरातली कोनतीबी चीज!" मला लग्नात या माणसाने बंद पडलेलं घड्याळ दिलं होतं.

चहा आला. डॉक्टरांना सोनेरी काठाच्या खास कपात. तेवढ्यात शेतावरून डोमाजी आला. डोमाजी सासऱ्यांचा सालदार, मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच घरी. त्याने कोनाड्यातून आपला कप काढला, छपरीच्या कडेला टेकला, सासूबाईंनी किटली उंच धरून त्यात चहा ओतला. तो चहा प्यायला, कप घेऊन गुरांच्या पाण्याच्या नांदीवर गेला, धुतला. डॉक्टरांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. स्वतःच्या सोनेरी कपातला चहा तसाच ठेवून ते उठले, नांदीपाशी गेले, डोमाजीच्या हातून तो ओला कप घेतला, उपडा केला, आणि बुडाला जीभ लावली.

सासरे ओरडले, कवळी तोंडातून निसटता निसटता राहिली. "डॉक्टर! काय करून राह्यले तुमी! डोमाचा कप व्हय तो!"

"साय," डॉक्टर म्हणाले. "पाटील, साय हाये ही." आणि तो कप त्यांनी सासूबाईंसमोर धरला. "आमाले याच्यातच द्या चहा."

सासूबाई किटली धरून दगडासारख्या उभ्या. मग आमची ही उठली, आईच्या हातून किटली घेतली आणि कप भरला. तिने किटली उंच धरली नव्हती, कपाला टेकवली होती. डॉक्टर नांदीच्या काठावर बसून सावकाश चहा प्याले. डोमाजी खाली मान घालून उभा होता. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घणघणत होती. साय! माझ्या सासऱ्याच्या घरात, माझ्या नाकासमोर, इतकी वर्षं, साय! आणि ती सापडली पहिल्यांदाच आलेल्या माणसाला.

सासरे जरा सावरले. पाहुण्यासमोर तमाशा नको म्हणून हसून म्हणाले, "आवडला असंल तं घेऊन जा. मांगा म्हनलं होतं न मी? आमाले तो काय कामाचा?"

"तुमी कसा देता?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या घरात याच्यातून कोनी कधी चहा घेतला काय?"

"छ्या! कोन घेईन?"

"कोनी धुतला कधी? उचलून ठेवला?"

"डोमाच ठेवते न तो."

"मंग तुमचा कसा झाला? कप त्याईचा हाये." आणि मग डॉक्टर वळले. आर्वीच्या तहसीलदाराशी बोलत तसंच, त्याच आवाजात म्हणाले, "डोमाजी, हा कप मले देता काय?"

त्या छपरीत डोमाजीला आजवर कोणी 'डोमाजी' म्हटलं नव्हतं आणि 'देता काय' असं तर कोणी विचारलंच नव्हतं. तो सासऱ्यांकडे बघत राहिला, कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माहा हाये म्हनता?"

"तुमचाच."

"मंग नाई देत जी. माहा असंल तं घरी नेतो."

त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, कप त्यात गुंडाळला आणि निघाला. सासरे तोंड उघडून बघत राहिले, कवळी चकाकत होती. दुसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा. डोमाजी कामावर आला, छपरीच्या कडेला बसला, त्याच्या हातात काहीच नाही. सासूबाईंना शेवटी घरातून कप काढावाच लागला. काढला तो सोनेरी काठाचा, आणि मग तोच कोनाड्यात नेऊन ठेवला. पुढच्या खेपेला हिने तो कोनाड्यातून उचलून आत सगळ्या कपांमध्ये लावला. मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस चाललं, पण कप पुन्हा बाहेर गेला नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत डॉक्टर शीळ घालत होते. एरवी हातचं भांडं गेलं तर हा माणूस आठवडाभर कोणाशी बोलायचा नाही, पेशंटचे दात रागाने उपटायचा. मी म्हणालो, "मोठी समाजसुधारणा केलीत." ते म्हणाले, "कायची सुधारना बा? माल कोनाचा हाये ते पाहा लागते. चोरीचा माल मी ठेवत नाई." मला ते पटलं. डॉक्टर थोर नाहीत, फक्त नियमाने हावरे आहेत, हे माझं मत तेव्हा पक्कं झालं, आणि मला त्याने फार समाधान दिलं. हिचं मत वेगळं. ही त्या दिवसापासून त्यांना रोज डब्यात भरीत नाहीतर पिठलं पाठवू लागली. माझ्या ताटात खरवड, त्यांच्या डब्यात मधला भाग. यावरून आमच्या घरी जी भांडणं झाली ती वेगळीच.

पुढे डॉक्टर अधूनमधून रोहण्याला जाऊ लागले, आमच्या सासऱ्यांकडे नाही, डोमाजीकडे. एकदा मी बरोबर गेलो. शेणाने सारवलेलं स्वच्छ घर. भिंतीत एक कोनाडा, त्यावर विणलेला रुमाल, त्याखाली तो कप. डॉक्टर बसले तसा डोमाजीने कप काढला, पुसला, त्यात चहा आणला. मला स्टीलच्या गिलासात. मी म्हणालो, "डोमाजी, मलाही चालेल त्या कपात." डोमाजी हसला. "नाई मास्तर. तो डॉक्टरसायबाचा हाये. दुसऱ्याले नाई देत." म्हणजे कप पुन्हा कोनाड्यात वेगळाच ठेवलेला होता, फक्त आता बाहेर मी होतो. डॉक्टर फुंकर मारत चहा पीत होते, माझ्याकडे पाहतही नव्हते. परतताना मी मुद्दाम विचारलं, "पुन्हा मागितला नाही कप?" "एकदा नाई म्हनलं न त्यानं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ऐंशीच्या दशकात, मी अजून त्यांच्याच घरात भाडेकरू असताना, डॉक्टर एका सकाळी पेशंटच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मांडीवर एक बशी होती. ती फुटली नव्हती. ही माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि खरं सांगतो, त्याचाही मला राग आला. अमरावतीहून त्यांचा पुतण्या आला. संत्र्याच्या पेट्यांत गवत भरून त्याने सगळी भांडी नेली, ते कढीचं भांडंसुद्धा. मला म्हणाला, "काका, तुम्हाला एखादी वस्तू पाहिजे तर घ्या." सायीची सहा-सात भांडी समोर मांडलेली होती. हात तिकडे गेलाही होता. पण दुसऱ्याची साय घरात नेऊन रोज तिच्याकडे बघत जळायचं, हे मला झेपलं नसतं. मी त्यांचा दांडीचा आरसा घेतला.

डोमाजीला कोणी कळवलं नसेल म्हणून मी रोहण्याला गेलो. तो फार म्हातारा झाला होता, काम सुटलं होतं, मुलगा पुलगावला नोकरीला होता. बातमी ऐकून तो उठला, रुमाल काढला आणि कप माझ्या हातात दिला. "मास्तर, तुमीबी त्याईच्यासंगं राहून जानकार झाले. पाहा बा एकदा. सायच हाये न?"

इतक्या वर्षांत तो कप पहिल्यांदाच माझ्या हातात येत होता. मी दारात गेलो आणि उजेडात धरला. डोळ्यात भक्क पांढरा घुसला. मला वाटलं, उन्हाचा दोष. आत येऊन अंधाऱ्या भिंतीसमोर धरला. खिशातून आरसा काढला, दांडी कडेवर वाजवली, डोळे मिटून ऐकलं. मग उपडा केला आणि बुडाला जीभ लावली. माती जिभेला धरली नाही. लख्ख सोडून दिली. मी पुन्हा लावली. असले कप आष्टीच्या बाजारात ताडपत्रीवर डझनाने मांडलेले असत. असले मीच त्यांना कितीदा दाखवले होते, आणि प्रत्येक वेळी तोच शब्द ऐकला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी छपरीत डॉक्टरांनी कप उजेडात धरला नव्हता. वाजवला नव्हता. आरसा त्यांच्या वरच्या खिशात होता, मी पाहिला होता. थेट जीभ लावली होती, सगळ्यांच्या देखत. मला वाटलं होतं, आनंदाने क्रम विसरले. जिभेला माती सोडून देते हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी ते 'साय' म्हणाले होते. म्हातारी नर्स रडली तरी जे दिलं नाही ते त्यांनी त्या नांदीवर देऊन टाकलं होतं. म्हणूनच गाडीत शीळ. म्हणूनच पुन्हा कप मागायचा नाही.

आणि मला काय वाटलं ते सांगतो. उदात्त वगैरे काही वाटलं नाही, ते हिने वाटून घ्यावं. मला त्या कपाचा हेवा वाटला. मी त्यांची भिंत रंगवली. आष्टीच्या धुळीत सायकल मारली. धुतल्यावर चुना निघालेल्या जगासाठी शिरा केला. या माणसाला खोटं बोलता येत होतं! येत होतं, आणि जन्मात एकदाच बोलायचं ठरवलं तेव्हा ते माझ्या वाट्याला आलं नाही.

डोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होता. "काऊन बोलत नाई मास्तर? साय हाये न?"

"साय," मी म्हणालो. "अस्सल साय आहे, डोमाजी. जपा."

"मले मालूमच होतं," तो म्हणाला. त्याने कप माझ्या हातून घेतला, मी जीभ लावली होती ती जागा दुपट्ट्याने नीट पुसली आणि तो रुमालाखाली पालथा घातला. मग सुनेला हाक मारून त्याने मास्तरसाठी चहा मागवला. तो स्टीलच्या गिलासात आला.